खालचे फौजी

आमच्या शाळेच्या गावात फौजी दोन. एक वरचे, एक खालचे.

वरचे फौजी बर्फाच्या डोंगरावर होते. त्यांना मिशा होत्या आणि झेंडावंदनाला पहिल्या रांगेत खुर्ची होती. खालचे फौजी जमिनीखाली होते. त्यांना मिशा नव्हत्या आणि खुर्ची दिली तरी ते बसत नसत. चार माणसं जमली की दाराजवळ एक माणूस उभा पाहिजे, असं त्यांचं मत होतं, आणि तो माणूस म्हणजे आपणच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

जमिनीखाली म्हणजे कुठे, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. सरहद्दीजवळ कुठेतरी सिमेंटचा किल्ला, सगळाच्या सगळा जमिनीच्या पोटात, एवढंच कळायचं. पारावरची माणसं खोदून विचारायची.

"आवो पण कोणत्या बाजूला? पंजाबात का काश्मिरात?"

"खाली."

"खाली म्हंजे दक्षिणेला?"

"खाली म्हंजे खाली."

आणि युद्धात तुम्ही काय केलं, असं विचारलं की ते म्हणायचे, "हवा पुरवली."

पार हसायचा. मीही हसायची. मी पाटोद्याहून जीपने जाऊन-येऊन करणारी बाई, तेव्हा अडतीस वर्षांची. इतरांना त्या वयापर्यंत अक्कल येते. मला तोवर एक डी.एड.ची पदविका, एक चामड्याची पर्स आणि आदर्श शिक्षिका पुरस्काराची आशा, एवढंच आलं होतं.

त्यांच्या बोलण्यातून जो किल्ला उभा राहायचा त्यात बुरूज नव्हते. तोफा असतील, पण त्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात. यांच्या किल्ल्यात होते पंखे, नळ्या, टाक्या, डिझेलचं इंजिन आणि संडास. दोन-अडीचशे माणूस आत, डोक्यावर टीचभर आभाळ नाही, आणि त्या सगळ्यांचा श्वास, पाणी, उजेड आणि घाण यांच्या हाताखाली. इंजिन बंद पडलं की मोठ्या पंख्याला लोखंडी हँडल लावून चार जणांनी पाळीपाळीने फिरवायचं. दिवस उजाडला हे कळावं म्हणून पांढरे दिवे लावायचे, मावळला म्हणून लाल. "सूर्य आमच्या खात्यात व्हता," ते म्हणायचे, आणि म्हणताना चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.

स्वयंपाकाचा धूर लांबलचक नळीतून गार करत नेऊन दूर झुडपात सोडायचा, म्हणजे वरून बघणाऱ्याला दिसत नाही. म्हणून फोडणी बंद. कांदा-मिरची परतली की अख्खा किल्ला खोकायचा. एवढी वर्षं बिनफोडणीचं खाऊन हे गावी आले आणि तर्रीशिवाय जेवण न मानणाऱ्या आमच्या मुलखात बायकोला म्हणाले, "फोडनी भाईर दे." ती माउली अंगणात चूल मांडून फोडणी द्यायची आणि पातेलं पदराने धरून आत आणायची. फौजीणबाईंची मला दया यायची. त्या मात्र म्हणायच्या, "फोडनीचं काय न्हाई वं बाई. या मानसासंगं भांडायची सोय न्हाई, ते वंगाळ. म्या तोंड उघडलं की हे उठून खिडकी उघडत्यात."

हे मात्र खरं होतं. कुठे भांडण लागलं की खालचे फौजी खिडकी उघडायचे. ग्रामसभेत आवाज चढले, हे उठून खिडकी उघडणार. सोयरिकीच्या बैठकीत मानपानावरून दोन्हीकडचे मामा उठून उभे राहिले, हे सगळ्यांना ओलांडून खिडकीशी. एकदा एसटीत कंडक्टर आणि एका म्हातारीची सुट्ट्या पैशांवरून जुंपली तेव्हा यांनी बसच्या दोन्ही बाजूंच्या काचा सरकवत सरकवत मागपर्यंत नेल्या. म्हातारी म्हणाली, "आता ह्याला काय झालं?"

त्यामागे गोष्ट होती, आणि ती त्यांनी एकदाच सांगितली. वर गोळाबारी चालू होती म्हणून किल्ल्याची दारं तीन दिवस घट्ट लावून घेतलेली. तिसऱ्या दिवशी जेवताना दोन जवान एका चमच्यावरून एकमेकांच्या गळ्याला लागले. दोघं एका गावचे, जिवाचे मित्र. सगळे त्यांना सोडवायला धावले. हे हवेच्या नळीकडे धावले. जाळी ओलीने भरून पार चिकटली होती. जाळी बदलली, हँडल फिरवलं, अर्ध्या तासात ते दोघं एका ताटात जेवत होते.

"मानूस वंगाळ नसतो बाई," ते म्हणाले. "आधी हवा बघावी. मंग मानूस."

मला हे फार बाळबोध वाटलं. मी तेव्हा मानसशास्त्राचं गाइड वाचत होते.

बाकी सवयी किरकोळ. किल्ल्यात सगळ्याला ओल धरायची म्हणून ते काडेपेट्या उन्हात वाळवायचे. बीड जिल्ह्यात, मे महिन्यात. विहिरीचा तळ तडकलेला असायचा आणि यांच्या ओट्यावर पाच काडेपेट्या ओळीने ऊन खात पडलेल्या. दुपारी झोपले की घरघर करणारा पंखा लागायचा. लाईट गेली आणि पंखा थांबला की ताडकन उठून बसायचे, आणि पाण्याचं म्हणाल तर त्यांच्या मते एका पाण्याला चार नोकऱ्या असतात: आधी तोंड, मग हातपाय, मग कपडा, मग संडास. "एका नोकरीत पानी सोडून देनारा मानूस खाली दोन दिस टिकायचा न्हाई." गावात टँकर येऊ लागले तेव्हा पहिल्यांदा लोक हे ऐकताना हसले नाहीत.

त्याच सालात आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह निघालं.

गाव निम्म्याहून जास्त ऊसतोडीला जाणारं. दिवाळी आली की नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन टोळीत जाणार, आणि पोरं मागे कुणापाशी ठेवायची हा प्रश्न पडला की पोरंही ट्रॉलीत. मग फडात पाचटाच्या कोपीत राहायचं, धाकट्याला सांभाळायचं, शाळा संपली. सातवीतली एक मुलगी होती, हुशार, तोंडाने फाटकी. तिची आई मला स्वच्छ म्हणाली, "बाई, ठिवून घेतली तर शिकंल. न्हाईतर संगं नेते, आन् फडात वयात आलेली पोरगी किती दिस सांभाळू? उजवून टाकीन." म्हणजे वसतिगृह चाललं तर पोरगी आठवीत, बंद पडलं तर बोहल्यावर. इतका सरळ मामला होता.

दोन वर्ग रिकामे केले. बेचाळीस पोरं. एका खोलीत मुली, एका खोलीत मुलं, वर पत्रा. हेडमास्तरांनी विचारलं, राखणदार कोण? खालचे फौजी दाराजवळ उभेच होते.

त्यांनी दुसऱ्या दिवसापासून शाळेचा किल्ला केला. मुलींसाठी वेगळा, मुलांसाठी वेगळा चर खणला, भोवती ताडपत्री, प्रत्येकाशेजारी राखेचा डबा. "जमिनीखाली दुश्मन मागून येतो. आधी वास येतो." शाळेचे दोन पक्के संडास होते, ते त्यांनी घासूनपुसून मुलींना दिले आणि पाण्याची चौथी नोकरी तिथे लावली. पोरं त्यांना मामा म्हणू लागली. गर्दीच्या खोलीत भांडण लागलं की खिडक्या कोणी उघडायच्या याच्या पाळ्या लागल्या. सातवीतली ती मुलगी माझ्या तासाला एकदा उठून खिडकी उघडायला गेली. मी विचारलं, "कोण भांडतंय?" ती म्हणाली, "अजून कुनी न्हाई बाई. पर तुमचा आवाज चढायलाय."

मग एके दिवशी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी वह्या तपासत होते.

"बाई, भिंतीला भोकं पाडायची हायत."

"कावून?" त्यांच्याशी बोलताना माझंही तोंड गावचं व्हायचं.

"थंडीची पोरं खिडक्या लावून घेत्यात. सकाळी उठत्यात ते डोकं धरून. या भिंतीला खाली चार, समोरच्या भिंतीला वर चार. गार हवा खालून येती, गरम वरून जाती. एकेक वीट काढायची, बस."

वह्यांचा ढीग कानापर्यंत होता. मी मान वर न करता म्हटलं, "पाडा काय पाडायचंय ते." पहार शाळेच्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. मीच कपाट उघडलं, मीच पहार त्यांच्या हातात दिली. हे लक्षात ठेवा. मी पुढे विसरले होते.

भोकं पडली, आणि पोरांचं डोकं धरणं थांबलं. ही गोष्ट मी तेव्हा नोंदवली नाही, कारण भोकं दिसायला वाईट होती.

जानेवारीत तालुक्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. शेजारच्या एका गावातलं वसतिगृह त्यांनी आठवड्यापूर्वीच बंद केलं होतं. हेडमास्तरांची जेवणावरची वासना उडाली. मी मात्र पेटले. पुरस्काराची आशा मघाशी सांगितलीच आहे.

मी काय काय केलं ते आता सांगते, नाहीतर माझ्या नाती मला फार शहाणी समजतील. राखेचे डबे लपवले. चरांभोवतीची ताडपत्री काढून चर बुजवले. भिंतीतल्या आठही भोकांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वरून रंगीत तक्ते चिकटवले: फळे, पक्षी, सुस्वागतम. खिडक्यांवर कापडी फलक ताणला. आणि दोन्ही पक्के संडास ॲसिडने घासून घेऊन त्यांना कुलपं लावली, म्हणजे साहेब येईपर्यंत पोरी ते खराब करणार नाहीत. किल्ली पर्समध्ये. इतका नीटनेटका मूर्खपणा माझ्या हातून नंतर कधी झाला नाही.

साहेब सकाळी नऊला येणार होते. बारा वाजले. मुली रांगेत बसून चुळबुळत होत्या. ती सातवीतली आली. "बाई, कुलूप काढा ना."

"साहेब येऊन जाऊ दे. एवढं धरवत नाही?"

ती गेली. थोड्या वेळाने खालचे फौजी आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"चावी."

"मामा, आज राहू द्या. शोभा जाईल."

"बाई," ते म्हणाले, "किल्ला पाव्हन्यासाठी नसतो. आत ऱ्हानाऱ्यासाठी असतो."

हात तसाच पुढे. ते ओरडले असते तर मी भांडले असते. हात तसाच ठेवून माणूस उभा राहिला की काही सुचत नाही. मी किल्ली दिली. मुली पळाल्या.

साहेब एक वाजता आले. बेचाळीस पोरं, निम्मं गाव, साहेब, त्यांची माणसं, सगळे एका खोलीत. समई लावली, उदबत्तीचा पुडा पेटवला. फोटोत धूळ येते म्हणून मी दारही लोटून घेतलं. भाषणं सुरू झाली. वरचे फौजी बर्फावर बोलले. पत्रा तापत होता. अर्ध्या तासाने माझ्या कपाळावर कुणी हातोडी मारतंय असं वाटू लागलं. साहेबांनी हजेरीपट मागितला, हेडमास्तरांनी जेवणाचं रजिस्टर दिलं, आणि एवढ्यावरून साहेब भडकले.

"तुम्हाला रजिस्टर ओळखता येत नाही, तुम्ही वसतिगृह चालवता?"

आमचे हेडमास्तर जन्मात कुणाला उलटून बोलले नव्हते. ते म्हणाले, "साहेब, आपण चार तास उशिरा आलात, आम्ही काही बोललो का?"

"हे बंद करायला मला एक सही पुरते, समजलं?"

"मग करा की!"

त्या बेचाळीस पोरांपैकी निम्म्यांना सही म्हणजे काय ते कळत होतं. ती सातवीतली माझ्याकडे बघत होती. आणि मागून, माणसांच्या मधून वाट काढत, खालचे फौजी आले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, तिथे फलक. भिंतीकडे पाहिलं, तिथे सुस्वागतम. क्षणभर ते थांबले. मग मूठ वळून त्यांनी 'स्वा'च्या मधोमध ठोसा मारला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि वर्तमानपत्राचा बोळा बाहेर ओढला. मग पुढचा. मग फलक ओढून काढला, खिडकी उघडली, दार उघडलं, आणि जाऊन दाराजवळ उभे राहिले.

वारा आला. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं, पाणी मागितलं, पाणी प्यायले, हेडमास्तरांना म्हणाले, "बसा, बसा. उशीर झाला हे खरंय." हजेरीपटही सापडला.

त्या क्षणी सगळं मिटलं असतं. पण साहेबांचं डोकं ठिकाणावर आलं, आणि ठिकाणावर आलेल्या साहेबी डोक्याला भोक दिसलं.

"शासकीय इमारत आहे ही. भिंत कुणी फोडली?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्सच्या बंदाकडे बघितलं.

"म्या," खालचे फौजी म्हणाले.

"कुणाला विचारून?"

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी वर्षभर स्वतःला सांगत होते. त्यांनी बघितलं नाही. सरळ समोर बघत म्हणाले, "माज्या मनानं."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: व्यवस्था समाधानकारक. वसतिगृह चालू ठेवावे. मात्र राखणदाराने स्वतःच्या मर्जीने शासकीय भिंतीस भोके पाडल्याने सदर इसमास पुन्हा ठेवू नये. आणि गेले.

खालच्या फौजींनी संध्याकाळपर्यंत थांबून मला चार्ज दिला. हा शब्द त्यांचाच. "राखेचं डबं दोन, तुमी कुठं लपवलं ते तुमालाच ठावं. पान्याचं मग बेचाळीस. पहार एक. चर उद्या परत खनून घ्या." टाचा जुळवून सलाम केला आणि घरी गेले. त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं की त्या हंगामात त्यांनी काडेपेट्या वाळवल्या नाहीत. पंखा चालू असतानाही त्यांना झोप लागायची नाही.

उरलेले दोन महिने मी वसतिगृह चालवलं. चालवलं म्हणजे पोरांनी चालवलं, त्यांना सगळं पाठ होतं. पाडव्याच्या सुमाराला कारखाने बंद झाले, टोळ्या परतल्या, आणि गावाने माझा सत्कार केला. हार, शाल, नारळ. मी घेतला. दोन वाक्यं आभाराचीही बोलले, 'टीमवर्क' हा शब्द वापरून.

पुढची दिवाळी झाली. ट्रॅक्टर शाळेसमोर येऊन थांबला, ट्रॉलीत बायाबापड्या, भांडीकुंडी, पोरं. मी वसतिगृहाचं रजिस्टर घेऊन ओट्यावर उभी. त्या मुलीच्या आईने पोरीची पत्र्याची पेटी उतरवली, ओट्यावर ठेवली, आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "मामा कुठं हायत?"

"ते आता नाहीत. मी आहे ना."

तिने पेटी उचलली आणि परत ट्रॉलीत ठेवली.

"अगं, असं काय करतेस? मी आहे म्हणतेय ना!"

"तुमी हायत, ते दिसतंय. तुमी शिकवता चांगलं, बाई. पर पोरगी म्या मामांच्या भरवशावर ठिवलती. पोरीनं समदं सांगितलंय मला. कुलपाचं बी."

दुसऱ्या बायाही पेट्या चढवू लागल्या. टोळीचा मुकादम हॉर्नवर हात ठेवून बसलेला. हेडमास्तर शेरेबुक घेऊन धावत आले, पान उघडून दाखवू लागले. "बायांनो, माझ्या हातात नाही! साहेबांचा शेरा आहे. स्वतःच्या मर्जीने भिंत फोडली, म्हणून ठेवू नये!"

पोरगी ट्रॉलीत उभी होती, आठवीचं पुस्तक छातीशी धरून. तोंडाने फाटकी पोरगी गप्प बसलेली बघवत नाही.

मी हेडमास्तरांच्या हातून शेरेबुक घेतलं. गुडघ्यावर टेकवून साहेबांच्या शेऱ्याखाली लिहिलं, सही केली. हेडमास्तर डोकावून म्हणाले, "बाई, हे नोकरीवर येईल. पुरस्काराचं तर विसराच." मी वही ट्रॉलीत पोरीच्या हातात दिली, कारण बायांपैकी कुणाला वाचता येत नव्हतं.

पोरीने मोठ्याने वाचलं. माझ्या तासाला वाचायची त्याहून स्वच्छ.

"वरील भोके राखणदाराने स्वतःच्या मर्जीने पाडलेली नसून माझ्या सांगण्यावरून पाडलेली आहेत. पहार मीच दिली होती. तपासणीच्या दिवशी मी गप्प बसले."

मुकादमाने हॉर्नवरचा हात काढला. आईने विचारलं, "म्हंजे आता मामा येत्याल?" हेडमास्तर वहीकडे बघत, एकेका शब्दावर बोट ठेवत म्हणाले, "मर्जीने नाही म्हटल्यावर... शेऱ्याला तसा अर्थ राहत नाही." तिने पेटी उतरवली. मग बाकीच्यांनी उतरवल्या.

त्यांना बोलवायला मीच गेले. ते ओट्यावर बसले होते. मी शेरेबुक पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, साहेबांचं वाचलं, माझं वाचलं, पुन्हा माझं वाचलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. पायात चपला घातल्या आणि माझ्या पुढे चालत शाळेत आले. मुलींच्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून त्यांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमच्या सांगन्यावरून पाडली ही?"

"हो."

"मंग चुकलं तुमचं, बाई. वरची भोकं लई वर सांगितली. वीतभर खाली पायजे व्हती."

"मग आता?"

"आता दुसरी पाडावी लागत्याल."

"पाडा."

त्यांनी शेरेबुक माझ्यापुढे सरकवलं.

"लिवून द्या."

दिलं.